निंबा नानांचे पाय

फ्लेक्सवरचा माणूस जिवंत आहे की गेलेला, हे आमच्या नाशिक जिल्ह्यात पायांवरून ओळखतात. पाय दिसत असतील तर माणूस आहे. छातीपाशी संपत असेल, खालून ढगात विरत असेल आणि डोक्यामागे उजेड असेल, तर गेला. हा नियम कुठे लिहिलेला नाही. कमर्शिअल आर्टच्या कॉलेजात आम्हाला रंगचक्र शिकवलं, दोन अक्षरांमध्ये जागा किती सोडायची ते शिकवलं, पायांबद्दल कोणी बोललं नाही. ते मला एका धडधाकट माणसाला मारल्यावर कळलं.

मी सिनेमाची पोस्टरं करते. संपादकांनी फोनवर सांगितलं की जरा ग्लॅमरबद्दल लिहा. लिहिते. ग्लॅमर असं की हिरो-हिरोइनींना मी आजवर फक्त स्क्रीनवर मोठं करून बघितलंय. त्यांच्या नाकातले केस मला माहीत असतात, त्यांना माझं नाव माहीत नसतं. ग्लॅमर संपलं. आता कामाबद्दल लिहिते.

पोस्टरं करायची हे मी शाळेतच ठरवलं होतं. घरच्यांना वाटलं, वयाचं खूळ आहे, जाईल. गेलं नाही. कॉलेज संपल्यावर मात्र लक्षात आलं की नाशकात द्राक्षं होतात, कांदा होतो, कारखाने आहेत, सिनेमे काही होत नाहीत. मुंबईला जायला वडिलांची ना होती आणि खरं सांगायचं तर माझाही धीर होत नव्हता. म्हणून गंगापूर रोडच्या मागच्या एका गल्लीत, रफिकभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसले. आईला सांगितलं, तात्पुरतं आहे. आईनं नातेवाइकांना सांगितलं, जाहिरात कंपनी आहे.

रफिकभाई मूळचे मालेगावचे. तरुणपणी ते टॉकीजवर टांगायची मोठाली बॅनरं हातानं रंगवायचे. शिडीवर चढून हिरोचा एक डोळा करण्यात त्यांची सकाळ जायची. मग फ्लेक्सचं मशीन आलं आणि त्यांचं काम गेलं. त्यांनी तेच मशीन विकत घेतलं. रागानं घेतलं की शहाणपणानं, ते कधी सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी मी त्यांना मोठ्या ऐटीत म्हणाले की मला खरं तर सिनेमाची पोस्टरं करायची आहेत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बेटा, पोस्टर देखके आदमीनं एकच सवाल विचारायचा. कब लग रहा है? बाकी काही विचारलं, कलर छान आहे म्हणाला, तर समझ लो पोस्टर गया."

एवढं सांगून त्यांनी मला एका सरपंचाच्या वाढदिवसाचं काम दिलं.

बाहेरच्यांना वाटतं फ्लेक्स म्हणजे काय, फोटो चिकटवले की झालं. तसं नसतं. मधोमध ज्याचा वाढदिवस तो. त्याच्या डोक्यावर नेते, पण नेत्यांचं डोकं त्याच्यापेक्षा लहान चालत नाही आणि फार मोठं त्याला चालत नाही. खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत कोणाचं डोकं कोणापेक्षा नखभर मोठं झालं म्हणून दोन चुलतभावांनी आमच्या दुकानात एकमेकांची गचांडी धरलेली मी बघितली आहे. बहुतेकांकडे कोट नसतो आणि बॅनरवर कोट लागतो. आमच्याकडे एका निळ्या कोटाची फाइल होती. माणूस पासपोर्टचा फोटो द्यायचा, आम्ही त्याची मान कापून कोटावर बसवायचो. तो एक कोट अर्ध्या जिल्ह्यानं घातलाय. पेठकडचे एक गृहस्थ तर फोटोच न घेता आले. म्हणाले, भावाचा फोटो आहे, आम्ही सारखेच दिसतो, तुम्ही फक्त मिशी काढा. काढली. वाढदिवस व्यवस्थित पार पडला.

अशी काही महिने मुंडकी जोडत असताना दुकानात विलासशेठ आले. सटाण्याचे कांद्याचे व्यापारी. स्वतःच्या वाढदिवसाचं बॅनर घ्यायला आले होते. बोटाच्या पेरानं त्यांनी आधी आपलं डोकं मोजलं, मग बाकीच्यांची मोजली, समाधान झालं. मग जाता जाता, चहात साखर जास्त आहे म्हणावं इतक्या सहज म्हणाले, "मॅडम, आम्ही एक पिक्चर काढलाय. अहिराणीत. त्याचंही पोस्टर करून टाका याच्यासोबत."

माझ्या कारकिर्दीची सुरुवात ही अशी, बॅनरसोबत झाली. पिक्चरचं नाव मी इथे लिहीत नाही. शेठ दिवाळी अंक वाचतात.

सिनेमाच्या पोस्टरला फोटो लागतात. शूटिंग चालू असताना एक माणूस नुसते फोटो काढायला ठेवतात. शेठच्या पिक्चरमध्ये हे कोणाला सुचलंच नव्हतं. त्यांनी मला अख्खा पिक्चर पेनड्राइव्हवर दिला आणि म्हणाले, यातून काय पाहिजे ते घ्या. मी पूर्ण बघितला. हिरो म्हणजे शेठचा पुतण्या. तो एका जागी उभा राहतच नव्हता. बोलताना हलायचा, ऐकताना हलायचा, आजारी पडला होता तेव्हाही हलत होता. जिथे थांबवावं तिथे त्याला तीन कान दिसायचे. हिरोइन प्रत्येक दृश्यात उन्हाकडे तोंड करून उभी, त्यामुळे डोळे मिटलेले. व्हिलन बरा होता, पण शेठचे साडू होते आणि आपलं चित्र लहान ठेवा अशी त्यांचीच विनंती होती.

एकच माणूस स्थिर होता. हिरोचा बाप. पिक्चरमध्ये मुलगा घर सोडून जातो आणि हा दारात बसून राहतो. एक शब्द बोलत नाही. डोक्याचा फेटा काढतो, मांडीवर ठेवतो, थोड्या वेळानं पुन्हा बांधायला घेतो. बस. एवढ्या भिकार पिक्चरमध्ये ते दृश्य कुठून आलं मला कळेना. मी ते पुन्हा पुन्हा लावलं. रफिकभाई मागून येऊन उभे राहिले आणि चहा गार होईपर्यंत हलले नाहीत.

तो माणूस म्हणजे निंबा नाना. सटाण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातले. उभी हयात तमाशाच्या फडात गेलेली, वगात राजाचं काम करायचे. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच आले होते. टाळी येईपर्यंत पोझ सोडायची नाही ही स्टेजची सवय, त्यामुळे त्यांचा चेहरा काचेसारखा स्वच्छ आला होता. पोस्टरवर मोठा करता येईल असा तो एकच चेहरा होता.

तर मी तो मोठा केला. खाली पुतण्या, हिरोइन, साडू, आणि वर आभाळभर नाना. त्यांच्या मूळ दृश्यात छातीच्या खाली एक प्लॅस्टिकची बादली आणि लाइटवाल्याचा गुडघा आला होता, म्हणून नानांना छातीशी कापलं आणि खालचा भाग ढगात विरवला. फेटा पांढरा, ढग पांढरे, चेहरा उठून दिसेना, म्हणून मागून सोनेरी उजेड टाकला. हे सगळं कॉलेजात शिकवल्याप्रमाणे बरोबर होतं. रफिकभाई म्हणाले, "चेहरा जबरदस्त आहे." शेठ म्हणाले, "बाप वर, पोरगा पुढे, बेस." तारीख ठरलेली नव्हती. तारीख ठरलेली नसली की पोस्टरवर "लवकरच" असं लिहितात. तेही लिहिलं.

शेठच्या टेम्पोनं ती पोस्टरं सटाणा, देवळा, कळवण सगळीकडे नेली. स्टँडवर, चौकात, बाजार समितीच्या फाटकावर मोठाले फ्लेक्स लागले. कोपऱ्यात बारीक अक्षरांत आमच्या दुकानाचं नाव, पत्ता आणि नंबर. माझं पहिलं पोस्टर. वडील मुद्दाम एसटीनं सटाण्याला जाऊन बघून आले. रात्री जेवताना म्हणाले, "काम सुबक झालंय. कोण गेलं गं ते?"

मी त्यांना हसले. तेव्हाच कळायला हवं होतं.

दोन-चार दिवस गेले आणि दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हॉइस मेसेज आला. कळवणकडच्या एका मित्रमंडळाचा अध्यक्ष होता. "ताई, आमना निंबा नाना गयात. श्रद्धांजलीनं बॅनर करनं शे. फोटो धाडेल शे, उद्या सकायले पाहिजे." सोबतचा फोटो उघडला. माझंच पोस्टर होतं, मोबाइलवर काढलेलं, खालचे हिरो-हिरोइन कापून टाकलेले.

मला रडू आलं. मी त्या माणसाला कधी भेटले नव्हते, पण त्याच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती मी माउसनं साफ केली होती. मी लगेच शेठना फोन लावला. ते कांद्याच्या लिलावात उभे होते, मागे बोली चालू होती. मी म्हटलं, शेठ, नाना गेले. ते म्हणाले, "अरे देवा. परवा तर ठीक होते." मग म्हणाले, "आणि पिक्चर लागायचाय अजून."

आता गंमत बघा. मंडळाला वाटलं नाना गेले, कारण पोस्टर तसं होतं. मला वाटलं गेले, कारण मंडळानं सांगितलं. शेठना वाटलं गेले, कारण मी सांगितलं. आणि शेठनी माणुसकी म्हणून फडाच्या मॅनेजरला कळवलं. दसरा तोंडावर होता. दसऱ्याला फड उभा राहतो आणि मग उन्हाळ्यापर्यंत गावोगावच्या जत्रा. मॅनेजर हळहळला आणि संध्याकाळच्या आत त्यानं राजाच्या कामाला दुसरा माणूस घेतला. या सगळ्यात नानांच्या घरी एक फोन करावा, हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. दुःखाच्या घरी लगेच फोन करू नये असं वाटलं.

श्रद्धांजलीचं बॅनर मी जीव लावून केलं. ढग होतेच, उजेड होताच, मला फारसं काही करावंच लागलं नाही. हेही खटकायला हवं होतं.

सकाळी मशीनमधून बॅनर बाहेर येत होतं आणि रफिकभाई कडेला उभे राहून ते गुंडाळत होते. तेवढ्यात दारात एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरा फेटा, खांद्याला पिशवी. मी बघितलं आणि माझ्या हातातला माउस खाली पडला. रफिकभाई काहीतरी पुटपुटले, बहुतेक अल्लाचं नाव.

म्हाताऱ्यानं वहाणा दारात काढल्या. आत आला. बॅनरवर त्याचा चेहरा येऊन गेला होता, आता "भावपूर्ण श्रद्धांजली" ही अक्षरं येत होती. त्यानं ती शेवटपर्यंत येऊ दिली. वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पोस्टर तूच करं का, बेटा?"

"हो."

"माले आभायमा कसाले टाकं?"

मला आभाळात का टाकलंस, असं विचारत होते. मी बादली, गुडघा, पांढरा फेटा, पांढरे ढग सगळं सांगितलं. नानांनी नीट ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. मला वाटत होतं, चढवावा.

"बहीन कालदिनथून रडी ऱ्हायनी," ते म्हणाले. "तिले मी च्या करी दिना. च्या पिनी आनि परत रडाले लागनी. म्हने, भाऊ, तुना फोटो देखीसन राहवत नई."

रफिकभाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. फडात राजाचं काम दुसऱ्याला गेल्याचं नानांनी सांगितलं. मी विचारलं, नाना, तुम्ही मॅनेजरला फोन नाही का केलात? त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. काल त्यांनी लावला होता तेव्हा मॅनेजरनं शिव्या घालून ठेवून दिला होता. फडातले निम्मे लोक नानांचा आवाज काढायचे, त्याला वाटलं त्यातलंच कोणी तरी चेष्टा करतंय. मग नानांनी फडातल्या दुसऱ्या एका माणसाला चेहरा दाखवून बोलायला लावलं, तेव्हा मॅनेजरला पटलं.

"नाना, तुम्ही आहात ते मला कळलं हो," मॅनेजरचा आवाज टेबलावरून आला. "पण गावांचं काय? कालपासून पंच येतात सुपारी द्यायला, आधी दोन मिनिटं तुमच्यासाठी उभे राहतात आणि मग नवा राजा कसा आहे म्हणून विचारतात. मी कोणाकोणाला सांगू? पब्लिकच्या मनात तुम्ही गेलात. पब्लिकच्या मनातून परत या, दसऱ्याच्या आत. मग बघू."

फोन बंद झाला. नानांनी तो उचलून पिशवीत ठेवला.

"घरमा बठीसन काय करू?" ते म्हणाले. "माले दुसरं काय येत नई."

एवढंच बोलले. सिनेमात दारात बसलेले असताना जो चेहरा होता तोच होता, फक्त आता समोर होता आणि त्याला कारण मी होते.

आता प्रश्न असा की माणूस जिवंत आहे हे फ्लेक्सवर सांगायचं कसं. आमच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीचा नमुना तयार असतो. निवड झाली, अभिनंदन. दुकान उघडलं, शुभारंभ. पाहुणा आला, स्वागत. "अमुक हयात आहेत" असा नमुना नाही. "निधनाची बातमी खोटी आहे" असं लिहावं तर लोक "निधन" तेवढंच वाचतात. मी दोन-तीन कच्चे प्रयत्न केले. एकात तर नाना आणखीच गेल्यासारखे दिसले.

शेवटी रफिकभाई म्हणाले, "फ्लेक्सपे जिंदा आदमी का एकही काम असतं. बर्थडे."

नानांना वाढदिवस विचारला. त्यांनी आधार कार्ड काढलं. त्यावर एक जून. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनच असतो, शाळेत घालताना मास्तर तीच तारीख टाकायचे. आणि आता तर पावसाळा सरत आला होता. मी म्हटलं, खरा कधी?

"माले काय म्हाईत? माय सांगे, तू बाजरी कापनीमा जनमना."

रफिकभाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं, तिथून बाजरी दिसत नव्हती, पण महिना बरोबर होता. म्हणजे वाढदिवस अगदी खरा, आणि आताच. आमच्या दुकानातून गेलेला बहुधा तो पहिला खरा वाढदिवस असेल.

फोटो दुकानाबाहेर गल्लीत काढला. "पाय आले पाहिजेत," रफिकभाई मागून सारखे सांगत होते, "बेटा, पाय." त्यांनी आपला गॉगल काढून नानांना घातला. मोबाइल कानाला लावायला सांगितला, कारण बॅनरवर मोठा माणूस नेहमी फोनवर असतो आणि गेलेला माणूस फोन घेत नाही. नानांनी फोन कानाला लावला, पण चेहरा कोरा. मी म्हटलं, नाना, जरा बोलल्यासारखं करा.

"फोनवर कोन शे?"

एवढ्या महिन्यांत मी कितीतरी लोकांना फोन कानाला लावायला सांगितलं, पलीकडे कोण आहे असं कोणी विचारलं नव्हतं.

"तुमचा मॅनेजर," मी म्हणाले.

"काय म्हनस?"

"म्हणतोय, तुम्ही गेलात."

नानांनी ते ऐकलं. एक पाय पुढे टाकला, मान थोडी तिरकी केली, आणि त्यांच्या ओठाच्या एका कोपऱ्यात हसू आलं. राजाचं हसू. एखाद्यानं आपल्या मरणाची बातमी आपल्यालाच सांगावी आणि आपण ती शांतपणे ऐकून घ्यावी, तसं. मी फोटो काढला. नाना तसेच उभे राहिले. मी "झालं" म्हणेपर्यंत हलले नाहीत.

तेवढ्यात शेठचा फोन आला. त्यांना नाना सापडल्याचं कळलं होतं, आनंद झाला होता, पण अडचणही झाली होती. पिक्चर कधी नव्हे ते लोकांच्या तोंडी होता. दोन टॉकीजवाल्यांनी स्वतःहून विचारलं होतं. शेठ म्हणाले, "मॅडम, पोस्टर आहे तसंच राहू द्या थोडे दिवस. उलट त्यावर एक ओळ टाका. निंबा नानांचा शेवटचा चित्रपट."

फोन स्पीकरवर होता. नाना पुढे वाकले.

"शेवटना नई, शेठ. पहिला शे."

शेठ धंद्याचं काही सांगायला लागले.

"राहू द्या पोस्टर," नाना अगदी नम्रपणे म्हणाले. "मी रोज टॉकीजना दारमा उभा ऱ्हासु. लोके रडतरडत बाहेर येतीन आनि माले देखतीन. मंग तुमीच समजावा त्यास्ले."

शेठनी विचारलं, नवीन पोस्टर कधी मिळेल.

नव्या पोस्टरवर नाना जमिनीवर आले. पुतण्याच्या शेजारी उभे, पायांत वहाणा, वहाणांना धूळ. ती धूळ मी मुद्दाम ठेवली. आणि वाढदिवसाची बॅनरं शेठच्याच टेम्पोनं जिथे जिथे पहिलं पोस्टर लागलं होतं तिथे तिथे गेली. शुभेच्छुकांमध्ये सगळ्यात पहिलं डोकं नानांच्या बहिणीचं. शुभेच्छुकांत बाई घालत नाहीत, पण नाना म्हणाले, सगळ्यात जास्त तीच रडली. मग शेठ, कळवणचं मंडळ, ज्यानं आपली चूक मान्य करायच्या ऐवजी आपला फोटो मोठा मागितला. कोपऱ्यात रफिकभाई. आणि अगदी टोकाला मी, कॉलेजच्या ओळखपत्रावरच्या फोटोत. निळा कोट घाल म्हणाले रफिकभाई, मी घातला नाही.

दसऱ्याच्या आधी मॅनेजरचा फोन आला. पंच आता विचारत होते, तो मरून आलेला राजा तुमच्याच फडात आहे ना? नव्या माणसाला प्रधान केलं. त्या वर्षी फडाच्या पाटीवर नानांचं नाव पहिल्यांदा मॅनेजरच्या नावाच्या वर लागलं. एका जत्रेत मी आणि रफिकभाई गेलो होतो. नाना स्टेजवर आले तेव्हा पुढचे लोक आधी त्यांच्या पायांकडे बघत होते. नानांनी ते ओळखलं आणि धोतर जरा वर धरून चालले. टाळ्या पडल्या.

पिक्चर दोन टॉकीजना लागला आणि उतरला. ते श्रद्धांजलीचं बॅनर नानांनी मागून घरी नेलं होतं. पुढे कळलं की कांदा साठवायच्या चाळीच्या छपरावर टाकलंय, चेहरा आतल्या बाजूला करून. गळत नाही म्हणाले.

त्यानंतर मला पिक्चर मिळत गेले. अहिराणी, मग मराठी, मग मुंबईची कामं नाशकात बसून. दुकान आता नाही. रफिकभाई मालेगावला मुलाकडे असतात, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. अधूनमधून फोन करून विचारतात, काय बनवतेस? मला सांगायला जड जातं. आता पोस्टर नखाएवढं करायचं असतं, मोबाइलच्या पडद्यावर इतर पन्नास नखांच्या शेजारी. ते मोठं कुठे लागत नाही. आणि पिक्चरही आता लागत नाही, नुसता पडून असतो, कधीही बघा. त्यामुळे कधी लागतोय असं कोणी विचारत नाही. माझी पोस्टरं बघून लोक म्हणतात, कलर छान आहेत.

गेल्या वर्षी, बाजरी कापून झाल्यावर, एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, निंबा नाना गयात."

मी विचारलं, "तुम्ही स्वतः बघितलंत का?"

पलीकडून उत्तर आलं, "मी त्यासना आंडोर शे, ताई."

मुलगाच होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, नाना सांगून गेलेत, बॅनर ताईच करतील. आणि फोटो तोच, गल्लीतला, फोनवाला. पायांसकट. मी म्हटलं, अहो, श्रद्धांजलीला पाय ठेवत नाहीत, लोकांना कळणार नाही. मुलगा म्हणाला, "मी बी तेच सांगं त्यास्ले. ते म्हनेत, नई कळनं ते नको कळू."

जुनी फाइल शोधली. बॅनर केलं. ढग नाहीत, उजेड नाही. एक माणूस एक पाय पुढे टाकून उभा आहे, गॉगल लावलेला, कानाला फोन, ओठाच्या कोपऱ्यात हसू. पलीकडे कोण बोलतंय आणि काय सांगतंय, ते फक्त मला आणि त्यांना माहीत. नाव मोठं टाकलं. "भावपूर्ण श्रद्धांजली" खाली, लहान. फाइल पाठवताना खूप रडले. नवऱ्यानं विचारलं, कोणाचं पोस्टर आहे? मी म्हटलं, हिरोचं.

दहाव्याला सटाण्याला उतरले आणि तिथून जीपनं त्यांच्या गावाला गेले. फाट्यावर बॅनर लागलं होतं. खालच्या पारावर एक म्हातारा बसला होता, जाड भिंगांचा चष्मा, हातात काठी. मी बॅनरसमोर थांबले तसा तोही मान वर करून बघायला लागला. खालची बारीक अक्षरं त्याला दिसत नसणार, नाना तेवढे दिसत असणार. बराच वेळ बघून झाल्यावर त्यानं मला विचारलं.

"निंबाना नवा पिक्चर शे का, माय? कव्हय लागी?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला होता.

"लवकरच," मी म्हणाले. तारीख ठरलेली नसली की आम्ही तेच लिहितो.